गायक गेल्यावर: जेनेसिसचा ‘अ ट्रिक ऑफ द टेल’

(या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आज ज्या अल्बमबद्दल बोलायचंय तो फोनच्या स्पीकरवर ऐकला तर अर्धा वायाच जातो.

सुरुवात एका ओळखीच्या नावाने करू. फिल कॉलिन्स. ‘इन दि एअर टुनाईट’मध्ये मधेच धडाधड ड्रम वाजतात, ते रील्समध्ये तरी ऐकलेच असतील. नाहीतर लहानपणी डिस्नेचा ‘टारझन’ पाहिला असेल, त्यातली गाणी याच माणसाची. जगभर आवाजासाठी ओळखला जाणारा गायक. आता गंमत बघा. १९७५ साली हा माणूस एका बँडमध्ये ड्रमर होता, मागे बसायचा, आणि पुढे येऊन गायची त्याची अजिबात इच्छा नव्हती. ‘आपण गायकच नको ठेवूया, नुसतं वाजवूया’ असंसुद्धा त्याने बँडला सुचवून पाहिलं होतं.

बँडचं नाव जेनेसिस. आणि आजचा अल्बम आहे ‘अ ट्रिक ऑफ द टेल’, फेब्रुवारी १९७६चा. म्हणजे तुमच्या-माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा.

मग आज का ऐकायचा? तर मला त्यात एक प्रश्न दिसतो, जो बँडपुरता नाहीये. एखाद्या टीमचा चेहराच निघून गेला, तर मागे काय उरतं? काम नक्की कोण करत होतं, हे कधी कळतं? माझं उत्तर असं की ते तो माणूस गेल्यावरच कळतं. आणि हा अल्बम म्हणजे त्या उत्तराची ५१ मिनिटांची रेकॉर्डिंग आहे.

चला, थोडं मागे जाऊ.

चेहरा

इंग्लंडमध्ये सरे नावाच्या परगण्यात चार्टरहाऊस म्हणून एक जुनी, श्रीमंतांच्या मुलांची निवासी शाळा आहे. तिथल्या पोरांनी १९६७च्या सुमारास हा बँड काढला. पीटर गेब्रियल गायचा, टोनी बँक्स कीबोर्ड वाजवायचा, माईक रदरफर्ड बास आणि गिटार. गिटारवर अँथनी फिलिप्स नावाचा एक मित्र होता. तो १९७०मध्ये सोडून गेला. त्याच वर्षी ड्रमवर फिल कॉलिन्स आला आणि १९७१च्या सुरुवातीला गिटारवर स्टीव्ह हॅकेट. हे पाच जण म्हणजे लोक ज्याला ‘क्लासिक जेनेसिस’ म्हणतात ते.

कॉलिन्स बँडमध्ये कसा आला तो किस्सा लक्षात ठेवा, नंतर कामाला येणार आहे. ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकातली जाहिरात बघून तो ऑडिशनला गेला. ऑडिशन गेब्रियलच्या आईवडिलांच्या घरी होती. हा वेळेआधी पोचला. त्याला म्हणाले, तुझा नंबर यायला वेळ आहे, तोवर स्विमिंग पूलमध्ये पोह. तो पोहत राहिला आणि आतून ऐकू येणाऱ्या बाकीच्या ड्रमरच्या ऑडिशन ऐकत राहिला. त्याचा नंबर आला तोपर्यंत सगळं पाठ! म्हणजे दुसऱ्यांचं ऐकून शिकणारा माणूस.

आता आर्ट रॉक म्हणजे काय, हे कोणी विचारायच्या आत सांगतो. रॉकच, पण तीन मिनिटांच्या प्रेमगीताच्या चौकटीत न मावणारं. गोष्ट असते, नाट्य असतं, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची वळणं असतात, ताल मधेच बदलतो. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ हे एकच गाणं जवळजवळ २३ मिनिटांचं आहे. आपल्याकडे बडा ख्याल ऐकणाऱ्याला त्यात काही नवल वाटणार नाही, पण रॉकमध्ये ही मोठी गोष्ट होती.

आणि या सगळ्याचा चेहरा होता पीटर गेब्रियल. १९७२मध्ये डब्लिनच्या एका कार्यक्रमात तो मधेच आत गेला आणि बायकोचा लाल ड्रेस आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून बाहेर आला. बाकी बँडला आधी काही सांगितलंच नव्हतं! त्यानंतर मग डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या काय, वटवाघळाचे पंख काय, म्हाताऱ्याचा मुखवटा काय. पेपरवाल्यांना फोटो मिळाला की ते खूश. फोटो गेब्रियलचा, मुलाखत गेब्रियलची. बाकीचे चौघे खुर्चीवर बसून मान खाली घालून वाजवतायत. बघणाऱ्याला वाटणार, सगळं डोकं या एकाचंच.

तसं नव्हतं. पण कव्हरवर श्रेय देताना बँड सगळ्या गाण्यांना ‘जेनेसिस’ एवढंच नाव द्यायचा. कोणी काय केलं हे बाहेर कळायला मार्गच नव्हता.

सहा महिन्यांचा नोटीस पीरियड

१९७४मध्ये ‘द लँब लाईज डाऊन ऑन ब्रॉडवे’ आला. डबल अल्बम, न्यूयॉर्कमधल्या राएल नावाच्या पोराची लांबलचक, स्वप्नासारखी गोष्ट. या वेळी गेब्रियल म्हणाला, गोष्ट माझी आहे, शब्द मीच लिहिणार. मग झालं असं की तो एका खोलीत बसून शब्द लिहितोय आणि बाकीचे चौघे दुसऱ्या खोलीत संगीत करतायत. त्यातच ‘द एक्झॉर्सिस्ट’चा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन याने त्याला सिनेमाच्या कामासाठी विचारलं आणि तो काही दिवस बँड सोडून गेलासुद्धा. परत आला. त्याच काळात त्याची पहिली मुलगी झाली, बाळंतपण अवघड गेलं, बाळाच्या जिवाची काळजी होती. बँडला वाटत होतं याचं लक्ष नाही. याला वाटत होतं यांना काही कळतच नाही. दोन्हीकडून खरंच होतं ते.

नोव्हेंबर १९७४मध्ये, अमेरिकेत क्लीव्हलँडला, त्याने बाकीच्यांना सांगितलं की हा दौरा संपला की मी चाललो. दौरा संपला मे १९७५मध्ये. म्हणजे बघा, सहा महिन्यांचा नोटीस पीरियड! रोज संध्याकाळी तेच कपडे, तीच गोष्ट, समोर हजारो लोक, आणि स्टेजवरच्या पाचही जणांना माहितीये की हे संपतंय. त्यातला एक पोशाख तर इतका फुगीर होता की माईक तोंडाजवळ नेणंसुद्धा कठीण व्हायचं. बातमी बाहेर फुटली ऑगस्ट १९७५मध्ये. मग गेब्रियलने एक मोकळं पत्र लिहून आपली बाजू मांडली.

बहुतेकांनी गृहीत धरलं, खेळ खल्लास.

इथे मी क्षणभर स्वतःचं सांगतो, कारण हा विषय डोक्यात तिथूनच आला. आमच्या टीममधून मागे एक सीनियर गेला. सगळ्या क्लायंट कॉलवर तोच बोलायचा, डेमो तोच द्यायचा. शेवटच्या आठवड्यात केटी सेशन, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती वह्या घेऊन बसलोय, जणू पेपर फुटणार आहे. मॅनेजरचा चेहरा उतरलेला. आणि मी मात्र रात्री घरी जाऊन कोडचा इतिहास उघडून बसलो होतो. कोणत्या भागात कोणाचा हात आहे, हे तिथे ओळीओळीला लिहिलेलं असतं. आणि मला धक्का बसला. आम्हाला जे सगळं त्याचं वाटत होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मागे बसणाऱ्या दोघांचं होतं, जे कॉलवर कधी बोललेच नव्हते. तो वाईट होता असं अजिबात नाही. तो चांगलाच होता. फक्त आम्ही चेहरा आणि काम यांची गल्लत केली होती.

असो. परत लंडनला.

जाहिरात: गायक पाहिजे

१९७५च्या उन्हाळ्यात बँड लंडनमध्ये ॲक्टन भागात तालमीला जमला. सुरुवातीला तिघंच होते, बँक्स, रदरफर्ड, कॉलिन्स. हॅकेट त्याचा स्वतःचा सोलो अल्बम ‘व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाईट’ संपवत होता. या तिघांनी वाजवायला सुरुवात केली आणि पहिल्या काही दिवसांतच ‘डान्स ऑन अ व्होल्केनो’ आणि ‘स्क्वाँक’ आकाराला आली. म्हणजे संगीत अडलंच नव्हतं. भीती तिथे नव्हतीच. भीती होती माईकची.

‘मेलडी मेकर’मध्ये जाहिरात गेली. जेनेसिसच्या धर्तीच्या ग्रुपला गायक हवा, अशा अर्थाची. शेकड्यांनी अर्ज आले, टेप आल्या. दर आठवड्याला काही जणांना बोलवायचं आणि गाऊन घ्यायचं. आता त्यांना चाल दाखवायला कोणीतरी पाहिजे ना? तर ते काम करत होता ड्रमर. कॉलिन्स प्रत्येकाला गाऊन दाखवायचा, हे असं म्हण, इथे वर जा. मग समोरचा गायचा. मग मागे बसलेले बाकीचे एकमेकांकडे बघायचे.

मराठी नाटक बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. मुख्य नट नाटक सोडतो, रिप्लेसमेंट शोधायची धावपळ सुरू होते, आणि विंगेत प्रॉम्प्टिंगला उभा असलेला माणूस असतो, ज्याला पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत सगळं तोंडपाठ असतं. पण तो ‘प्रॉम्प्टर’ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो स्वतःसुद्धा स्वतःकडे तसं बघत नाही.

आणि कॉलिन्स काही नवखा नव्हता हो. लहानपणी लंडनच्या वेस्ट एंडला ‘ऑलिव्हर!’ या संगीत नाटकात त्याने खिसेकापू पोराचं काम केलं होतं. जेनेसिसमध्ये गेब्रियलच्या मागे तो सतत साथीला गात होता. दोन गाणी तर त्याने एकट्याने गायली होती, १९७१चं ‘फॉर ॲब्सेंट फ्रेंड्स’ आणि १९७३चं ‘मोअर फूल मी’. सगळ्यांनी ती ऐकली होती. पण दोन्ही हळुवार, छोटी गाणी. त्यामुळे समज असा की हा तेवढंच गाऊ शकतो.

ऑक्टोबर आला. ट्रायडंट स्टुडिओ बुक झालेला. डेव्हिड हेंचेल हा बँडबरोबर सहनिर्माता होता, तो याच स्टुडिओत आधी इंजिनिअर म्हणून काम केलेला माणूस. आणि अजून गायक ठरलेला नाही! तरी त्यांनी वाजवायचे भाग रेकॉर्ड करायला सुरुवात केली. लग्नाचा हॉल बुक, पत्रिका छापल्या, आणि मुलगा ठरायचाय, असला प्रकार.

शेवटी एक गायक बऱ्यापैकी पसंत पडला. त्याला स्टुडिओत बोलावलं आणि ‘स्क्वाँक’ गायला लावलं. पण पट्टी आधीच ठरून रेकॉर्ड झालेली, आणि ती त्याच्या गळ्याला बसेना. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. त्याला निरोप दिला. आणि आता कोणी उरलंच नाही म्हणून कॉलिन्स म्हणाला, मी एकदा करून बघतो.

त्याने गायलं. जमलं.

हा प्रसंग लोक फार गोड करून सांगतात. ‘हिरा घरातच होता’ वगैरे. मला ते खोटं वाटतं. बँडने महिनोनमहिने बाहेर शोधलं. बाकीच्यांना तो नको होता आणि त्याला स्वतःला ड्रमवरून उठायचं नव्हतं. बाकी सगळे दरवाजे बंद झाले तेव्हा हा दरवाजा उघडला. खरी गोष्ट एवढीच आहे, आणि मला ती जास्त आवडते, कारण आपल्याकडे ऑफिसात आणि घरात बहुतेक वेळा असंच होतं.

आता ऐकूया

आठ गाणी आहेत. सगळ्यांवर बोलत नाही, कानाला काय शोधायचं तेवढं सांगतो.

पहिलं, ‘डान्स ऑन अ व्होल्केनो’. मुख्य धून सात मात्रांची आहे. तबला शिकलेल्यांना रूपक आठवेल, पण हे रूपकासारखं डोलत नाही, अडखळत पळतं, जळत्या निखाऱ्यांवरून चालल्यासारखं. पहिल्या ऐकण्यात बोटांवर मोजा, सात येतील. चौघांच्या नावावर आहे हे गाणं, आणि सुरुवातीलाच ठेवलंय. जणू सांगतायत, आम्ही चौघे इथेच आहोत.

दुसरं, ‘एंटँगल्ड’. हॅकेट आणि बँक्स यांचं. बारा तारांच्या गिटारी, झोप आणि स्वप्नं यांच्याबद्दलचं गाणं, अंगाईसारखं वाटतं आणि आत कुठेतरी दवाखान्याचा वास येतो. शेवटी जो समूहगानासारखा आवाज उठतो ना, तिथे गाणारा समूह नाहीये. ते मेलोट्रॉन आहे. मेलोट्रॉन म्हणजे असा कीबोर्ड, ज्याच्या प्रत्येक पट्टीखाली आधी रेकॉर्ड केलेली टेप असते. पट्टी दाबली की टेप फिरते, काही सेकंद वाजते आणि संपते. आजच्या सॅम्पलरचे आजोबाच म्हणा ना.

तिसरं, ‘स्क्वाँक’. परीक्षेचं गाणं. स्क्वाँक हा अमेरिकेतल्या लोककथांमधला एक प्राणी, पेनसिल्व्हेनियाच्या जंगलातला. इतका कुरूप की सतत रडतो, आणि पकडून पोत्यात घातला तर रडून रडून विरघळून जातो, पोत्यात उरतं नुसतं पाणी. इथे ड्रमचा ठोका जड आणि सरळ आहे, लेड झेपेलिनच्या ‘कश्मीर’च्या वळणाचा. त्यावर कॉलिन्सला आवाज लावावा लागतो, हळुवार गाऊन भागत नाही. ज्याला सगळे ‘छोट्या गाण्यांचा गायक’ समजत होते, तो इथे पूर्ण गळा उघडतो. आणि मागे वाजणारे ड्रमसुद्धा त्याचेच आहेत, हे विसरू नका.

‘रॉबरी, असॉल्ट अँड बॅटरी’मध्ये घरफोडीची गोष्ट आहे. तिथे कॉलिन्स लंडनच्या गल्लीतल्या चोराच्या बोलीत गातो. गेब्रियलसारखा मुखवटा नाही, पण त्याच्या आत तो लहानपणचा नाटकातला खिसेकापू अजून जिवंत आहे हे कळतं.

शीर्षकगीत ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ बँक्सने काही वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं. विल्यम गोल्डिंगच्या ‘दि इनहेरिटर्स’ या कादंबरीवरून सुचलेलं. शिंगं आणि शेपूट असलेला एक जण स्वतःचं शहर सोडून माणसांच्या जगात येतो, आणि माणसं त्याला पिंजऱ्यात घालून तमाशासारखं बघतात. हे गाणं गेब्रियल असतानाच लिहिलंय, त्यामुळे त्याच्यावर आहे असं म्हणता येणार नाही. पण चित्रविचित्र रूपात लोकांपुढे उभा राहणारा गायक निघून गेल्यानंतर, त्याच्या माघारी हे गाणं वाजतंय म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात जे यायचं ते येतंच.

‘रिपल्स’ आठ मिनिटांचं. सौंदर्य ओसरत जातं, परत येत नाही, याबद्दलचं. मधला पियानो आणि हॅकेटची गिटार रात्री लाईट बंद करून ऐका. लोकलमध्ये नको.

आणि शेवटचं, ‘लॉस एंडॉस’. शब्द जवळजवळ नाहीतच. वेगवान, ड्रमर पेटलेला. मधेच ‘डान्स ऑन अ व्होल्केनो’ची धून परत येते, मग ‘स्क्वाँक’ची. पण खरी गोष्ट अगदी शेवटी आहे. संगीत विरत जात असताना कॉलिन्सचा आवाज येतो, अगदी हळू, फोनच्या स्पीकरवर ऐकूच येणार नाही. तो ‘सपर्स रेडी’मधली एक ओळ गातोय. गेब्रियलच्या काळातलं तेच २३ मिनिटांचं गाणं. गेलेल्या मित्राला केलेला हा नमस्कार आहे. ना पत्रकार परिषद, ना आरोप. अल्बमच्या शेवटच्या सेकंदांत, जो कान देईल त्यालाच ऐकू येईल असा.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मागे नेऊन चार वेळा ऐकलं, खरंच.

श्रेयाची यादी

अल्बम इंग्लंडमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत ३१व्या. ‘संपला’ म्हणून ज्याच्यावर फुली मारली होती, त्या बँडसाठी हे भारीच होतं.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट कव्हरवर बारीक अक्षरांत आहे. पहिल्यांदाच बँडने प्रत्येक गाण्याखाली ज्याची त्याची नावं छापली. आणि बघायला गेलं तर आठही गाण्यांत टोनी बँक्सचं नाव आहे. आठपैकी आठ! तो माणूस, जो कीबोर्डच्या मागे बसायचा आणि ज्याचा फोटो कोणी छापत नव्हतं. आमच्या कोडच्या इतिहासात मला रात्री जे दिसलं, तेच हे.

म्हणजे गेब्रियल नसता तरी चाललं असतं का? नाही, नाही, मी तसं म्हणत नाहीये. आणि इथे माझं एका मित्राशी कायमचं भांडण आहे. तो म्हणतो, ‘गेब्रियल गेला आणि धार गेली.’ मी दोन वर्षं त्याच्याशी भांडलो. आता मला वाटतं, त्याचं अर्धं बरोबर आहे. या अल्बममध्ये परीकथा आहेत, प्राणी आहेत, सुंदर सूर आहेत. पण ‘लँब’मधली ती अस्वस्थता, ते अंगावर येणं, ते नाही. कॉलिन्सचा आवाज स्वच्छ आहे, गेब्रियलच्या आवाजात खरवड होती. खरवड कोणालाच भरून काढता आली नाही. आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं. नकली गेब्रियल आणला असता तर आज आपण बोलत नसतो.

दुसरी बाजूसुद्धा सांगायला हवी. त्याच श्रेयाच्या यादीत स्टीव्ह हॅकेटचं नाव तीन गाण्यांत आहे. त्यातली दोन चौघांची मिळून. माणूस गेला, जागा झाली, पण ती जागा सगळ्यांना सारखी मिळाली नाही. डिसेंबर १९७६मध्ये ‘विंड अँड वदरिंग’ आला, आणि १९७७मध्ये हॅकेटसुद्धा निघून गेला. त्याला स्वतःची जास्त गाणी हवी होती. पुढच्या अल्बमचं नावच होतं ‘...अँड देन देअर वेअर थ्री...’. आता तिघंच उरले. म्हणजे एक वादळ निभावलं म्हणून टीम कायमची नीट झाली, असं होत नाही. जो आत बसून ‘माझं कोणी ऐकत नाही’ म्हणतोय, त्याच्याकडे लक्ष गेलंच नाही तर पुढचा राजीनामा त्याचाच असतो.

मग ड्रम कोण वाजवणार?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. स्टुडिओत ठीक आहे, आधी ड्रम वाजव, मग गा. स्टेजवर काय? १९७६च्या दौऱ्यात ड्रमवर बसला बिल ब्रुफर्ड, येस आणि किंग क्रिमसनमध्ये वाजवून आलेला दिग्गज. पहिला कार्यक्रम मार्चमध्ये कॅनडात. कॉलिन्सला गायची भीती नव्हती, दोन गाण्यांच्या मध्ये लोकांशी बोलायची होती. गेब्रियल तिथे विचित्र गोष्टी सांगायचा. कॉलिन्सने गप्पा मारल्या, विनोद केले, लोक हसले. झालं. मुखवटा लागला नाही.

गेब्रियलचंही वाईट झालं नाही हां. १९७७मध्ये त्याचा पहिला सोलो अल्बम आला. त्यातलं ‘सॉल्सबरी हिल’ हे बँड सोडण्याबद्दलचं गाणं नक्की ऐका. सोडून जाणाऱ्याची बाजू कळते. दोघांनाही एकमेकांपासून सुटून मोठं होता आलं, असं क्वचित घडतं.

मी आमच्या टीमचं अर्धवट सोडलं ना? त्या दोघांपैकी एकीला पुढच्या डेमोला बोलायला सांगितलं. तीसुद्धा आधी नकोच म्हणाली होती. पहिली पाच मिनिटं तिचा आवाज कापत होता. मग क्लायंटने एक अवघड प्रश्न विचारला आणि तिने इतकं सरळ उत्तर दिलं, कारण तो भाग तिनेच लिहिला होता. तेव्हा मला हा अल्बम आठवला आणि त्या रात्री मी तो परत लावला. आजचा भाग त्या रात्रीचाच आहे.

जाता जाता एक शेवटचं चित्र. २६ मार्च २०२२, लंडन. जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम. कॉलिन्सची तब्येत अशी की तो खुर्चीवर बसून गातोय, ड्रम वाजवणं केव्हाच सुटलेलं. त्याच्या मागे ड्रमवर कोण? त्याचा मुलगा, निक. आणि प्रेक्षकांमध्ये बसून ऐकायला कोण आला होता? पीटर गेब्रियल.

तर मंडळी, घरचा अभ्यास. आज रात्री ‘स्क्वाँक’ आणि ‘लॉस एंडॉस’ ही दोन ऐका, हेडफोन लावून. ‘लॉस एंडॉस’ विरत जाईल तेव्हा आवाज वाढवा आणि शेवटचा सेकंद संपेपर्यंत पुढचं गाणं लावू नका. तो हळू आवाज सापडला की मला कळवा. आणि तुमच्या टीममध्ये, ग्रुपमध्ये, घरात मागे बसून सगळं पाठ असलेला कोणी असेल, तर त्याला किंवा तिला हा भाग पाठवून द्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!